कंठातील ग्रंथी आणि रक्ताची साक्ष

कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी किंवा थायरॉइड म्हणतात. तिचे वजन जेमतेम वीस ग्रॅम. परंतु शरीराची ऊब, हृदयाची गती आणि बालकाच्या मेंदूची घडण तिच्या स्रावांवर अवलंबून असते. त्यांपैकी प्रमुख स्राव म्हणजे थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात.

हे आयोडीन अन्नातूनच मिळवावे लागते. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे सत्तर वर्षांत चार ग्रॅमसुद्धा नाही! तथापि हिमालयाच्या उतारांवरील मातीत तेवढेही उरलेले नाही. आयोडीन अपुरे पडले की ग्रंथी फुगते व गलगंड होतो. १९५६ साली कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त, तर एका भागात साधे मीठ पुरविले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मिठाच्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

परंतु गळा पाहून ग्रंथीचे कार्य कळत नाही. सूज असूनही ते सुरळीत असू शकते; सूज नसताही मंदावलेले असू शकते. थकवा, वजनातील वाढ, थंडी न सोसणे ही लक्षणे अन्य कारणांनीही उद्भवतात. अशा वेळी रक्ताचीच साक्ष काढावी लागते.

मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी 'टीएसएच' नावाचा स्राव सोडून अवटू ग्रंथीला कामास लावते. वाफ्यात पाणी कमी येऊ लागताच दारे धरणारा मोटकऱ्याला मोठ्याने हाक देतो, तसाच हा प्रकार आहे. थायरॉक्सिन घटले की टीएसएच वाढते. थायरॉक्सिन अधिक झाले की ते घटते. म्हणून बहुधा प्रथम टीएसएच मोजतात. मात्र पोष ग्रंथीच आजारी असेल तर ही हाक फसवी ठरते. तेव्हा थायरॉक्सिनही मोजावे लागते.

या परीक्षेचे सर्वांत मोठे मोल नवजात बालकांना आहे. ज्या बालकात ही ग्रंथी नसते किंवा दुबळी असते, तेही जन्मतः बहुधा निरोगी दिसते. कारण आईकडून मिळालेला स्राव काही काळ त्याला सांभाळतो. लक्षणे उघड होईपर्यंत मेंदूची हानी झालेली असते, व ती पुरती भरून निघत नाही. जन्मानंतर दोन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थोडे थेंब टिपकागदावर घेऊन टीएसएच तपासले, आणि दोष आढळताच पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केले, तर बहुतेक बालकांची बुद्धी इतरांसारखीच वाढते.

आकड्यांचा अर्थ वय व गर्भावस्था यांनुसार बदलतो. म्हणून औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. परंतु घरी बालक जन्मले असता, 'टाचेच्या रक्ताची परीक्षा झाली काय?' हा प्रश्न प्रत्येकाने अवश्य विचारावा.