घासातला घास

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं व्हॅम्पायर वटवाघूळ गुराढोरांच्या रक्तावर जगतं. सलग दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही, तर ते उपासमारीनं मरतं. अशा वेळी पोट भरलेलं वटवाघूळ प्यालेलं रक्त ओकून भुकेल्या सोबत्याला भरवतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकातली ही देवाणघेवाण १९८४ साली ‘नेचर’मध्ये मांडली. कोण कोणाला भरवणार, हे रक्ताच्या नात्यापेक्षा आधी कोणी कोणाला भरवलं होतं यावर जास्त ठरतं, असं पुढे बंदिवासातल्या वटवाघळांवरील प्रयोगांत दिसलं. अनोळखी वटवाघळं आधी एकमेकांची अंगं चाटून साफ करतात; ओळख मुरली की मग रक्ताचा घोट देतात.

अन्न वाटून घेण्यामागे कोणतं रसायन असावं, याचा धागा चिंपांझींमध्ये सापडतो. युगांडातल्या बुडोंगो जंगलात संशोधकांनी त्यांच्या मूत्रातलं ऑक्सिटोसिन मोजलं. आई आणि बाळाला जोडणारं हे संप्रेरक अन्न वाटून खाल्ल्यावर वाढलं होतं, देणाऱ्यातही आणि घेणाऱ्यातही. एकमेकांचे केस साफ केल्यानंतर आढळणाऱ्या पातळीपेक्षाही ते जास्त होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा तर्क असा, की स्तनपानासाठी घडलेली यंत्रणाच पुढे मैत्री जुळवायलाही कामी आली असावी.

माणसाचं शरीरही हेच ऑक्सिटोसिन तयार करतं. म्हणून शाळेत, कचेरीत नवा कोणी आला, तर त्याला डबा खायला आपल्याबरोबर बसवा. परकेपणा घालवायचा याहून सोपा मार्ग नाही.