वाकवा लवकर, छाटा उशिरा

बोन्साय म्हटलं की आधी कात्रीच डोळ्यांसमोर येते. माझ्याही आली होती आणि त्यापायी एका पिंपळाचा जीव गेला! फर्स्ट इयरच्या डिसेंबरमध्ये हॉस्टेलच्या गच्चीवर, पाइपच्या सांध्यात उगवलेलं वीतभर रोप मी उपटलं. त्याच दिवशी शेंडा उडवला, मुळं कापली, तार गुंडाळली आणि मेसच्या जुन्या ताटलीत बसवलं, तेही ताटलीला भोक न पाडता. पंधरा दिवसांत खेळ खलास. ‘बोन’ म्हणजे उथळ भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावणे, एवढं वाचून मी थेट भांड्यापासूनच सुरुवात केली होती. खरं तर भांडं सर्वांत शेवटी येतं.

मग आधी काय? खोड. छोटंसं झाड म्हातारं वाटतं ते जाड, वर निमुळत्या होत गेलेल्या खोडामुळे. आणि खोड जाड होतं पानांमुळे. पाने अन्न तयार करतात, ते सालीतून खाली उतरते आणि सालीच्या आतल्या पातळ थरापासून नवं लाकूड बनत राहतं. पाला जितका जास्त, तितकं खोड लवकर भरतं. रोप लहान असतानाच सारखा शेंडा खुडला तर फांद्या पुष्कळ फुटतील, पण खोड राहील उदबत्तीएवढंच. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे त्याला मोठ्या कुंडीत, भरपूर उन्हात मोकाट वाढू द्यायचं.

पण इथे एक गोची आहे. खोड जाड झालं की ते वाकत नाही. आपल्या एसओएमच्या भाषेत सांगायचं तर गोल दांड्याचा व्यास दुप्पट झाला की तेवढाच बाक द्यायला सोळापट जोर लागतो. शिवाय बाहेरच्या बाजूला ताण दुप्पट, म्हणजे साल फाटणार. त्यामुळे खोडाला वळण द्यायचं ते पेन्सिलएवढं असतानाच. फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार घ्यायची, खालचं टोक मातीत घट्ट रोवायचं, ४५ अंशांत गुंडाळत वर जायचं आणि मग दोन्ही अंगठे टेकवून सावकाश वाकवायचं.

तार लगेच काढली तर खोड बरंचसं सरळ होतं. वाकलेल्या स्थितीत जे नवं लाकूड बनतं, तेच ते वळण धरून ठेवतं. म्हणून वाढ थांबलेल्या रोपाला तार लावून फायदा नाही. वड, पिंपळ, नांदरूक यांना आपल्याकडे पावसाळ्याची सुरुवात उत्तम. मात्र तेव्हा ती इतक्या वेगाने वाढतात की दीड-दोन महिन्यांत तार सालीत रुतायला लागते. दर रविवारी बघायचं. काढताना उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी.

छाटणी त्यानंतर, खोड हवं तेवढं जाड झाल्यावर. खालची एक चांगली फांदी निवडून तिच्या वर तिरका काप घ्यायचा. तीच पुढे शेंडा होते आणि निमुळतेपणा येतो. शेंडा असेपर्यंत त्यातलं ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, तो गेला की ते फुटतात. चीक गळेल, ओल्या फडक्याने टिपायचा. कुंडी बदलताना सोटमूळ थोडं थोडं आखूड करायचं, पण खोडाची मोठी छाटणी केली त्याच वेळी नाही. (सोटमूळ हा शब्द मला माळीकाकांनी शिकवला. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही टॅपरूटच म्हणायचो!)

सध्या माझ्याकडे नर्सरीतून आणलेलं नांदरूक आहे. एकदा तार काढायला उशीर केला त्याचे वळ अजून दिसतात, पण खोड आता करंगळीपेक्षा जाड झालंय. काप घ्यायला अजून एक-दोन पावसाळे जातील, तोवर मी पास आउट झालेली असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेलवर कोणी राहणार असेल, तर गॅलरीतल्या शेवटच्या कुंडीला रोज पाणी घालाल का? फक्त शेंडा खुडू नका.