बंबाचं दार हातोडीनं सुटत नाही

डिसेंबर-जानेवारीत पहाटे भोकरदन किंवा जाफराबादकडच्या कुठल्याही गावात गेलात, तर न्हाणीच्या भिंतीला लागून एखादा बंब धूर सोडत असलेला दिसतोच. गॅस आला, सोलर आलं, गिझरही आला. तरी घरात सात-आठ माणसं आणि दाराशी पऱ्हाट्यांचा ढीग असला की बंब अंगणातून हलत नाही. त्याच पहाटे कुठून तरी ठोक्यांचा आवाजही येतो. बंबाचं खालचं दार अडकलेलं असतं आणि कुणीतरी ते दगडानं नाहीतर हातोडीनं उघडू पाहत असतं. चार हिवाळे असे ठोके खाल्लेला बंब पाचव्या हिवाळ्यात भंगारात जातो. जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक कमी नाही, शहरातल्या स्टील कारखान्यांच्या भट्ट्या त्यावरच चालतात. पण चांगला बंब भंगारात जावा, असा दोष त्या दारात बहुतेक वेळा नसतो.

आधी हे दार करतं काय, ते पाहू. बंबाच्या मधून एक नळी वर धुराड्यापर्यंत गेलेली असते आणि तिच्याभोवती पाणी असतं. नळीच्या बुडाशी जाळी, जाळीवर विस्तव, जाळीखाली राख. राखेच्या कप्प्याला जे दार असतं, त्याला कुणी झडप म्हणतं, कुणी राखेचं दार. तापलेला धूर हलका होऊन वर जातो, त्याच्या जागी खालून थंड हवा आत ओढली जाते. या ओढीवरच बंब चालतो आणि तिचा लगाम त्या खालच्या दाराच्या हाती असतो. दार उघडं अडकलं तर जळण भराभर संपतं आणि पाणी उकळायला लागतं. बंद अडकलं तर विस्तव गुदमरतो.

हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिका-कॅनडाच्या बर्फाळ भागात घराबाहेर छोट्या शेडमध्ये लाकडाचा बॉयलर ठेवतात आणि जमिनीखालच्या नळांतून गरम पाणी घरात नेतात. तिथं हे दार विजेवर आपोआप उघडतं-मिटतं. दुखणं मात्र तेच आहे, दार अडकतं.

गैरसमज : दार अडकलं म्हणजे बिजागरी गंजली.

कधीकधी गंजलेली असते, पण सगळ्यात आधी तिच्यावर संशय घेऊ नये. दार कशानं अडकतं यापेक्षा ते केव्हा अडकतं, हे आधी विचारा. रोग ओळखायला एवढं पुरतं.

सकाळी गार बंबाचं दार हलत नाही, पण विस्तव पेटल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप मोकळं होतं, तर ते डांबरासारख्या काजळीनं चिकटलेलं आहे. रात्री जळण भरून, दार घट्ट लावून विस्तव धुमसत ठेवला की लाकूड पुरतं जळत नाही. त्यातून निघणारी वाफ आणि तेलकट धूर थंड पत्र्यावर बसतो. ज्या पत्र्याच्या पलीकडं पाणी आहे तो 100 अंशांच्या फारसा वर जातच नाही, म्हणून धूर तिथं हमखास साचतो, आणि दाराच्या कडाही त्यातून सुटत नाहीत. हे डांबर गार झालं की दगड होतं, तापलं की मऊ पडतं. अशा दाराला बिजागरीत तेल घालून काहीही होणार नाही. कडा खरवडायला हव्यात.

उलट गार असताना दार सहज उघडतं आणि बंब तापल्यावर धरतं, तर ते पत्र्याच्या फुगण्याचं लक्षण. पोलादाची 15 सेंटिमीटर रुंद पट्टी 300 अंशांनी तापली तर साधारण अर्धा मिलिमीटर वाढते. अर्धा मिलिमीटर म्हणजे वहीची पाच-सहा पानं एकावर एक. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात दार चौकटीत इतकं चपखल बसवून देतात की पाहताना काम सुबक वाटतं, पण त्याला फुगायला जागाच उरत नाही. चौकटही तापते, तीही वाढते. पण तिच्या मागं पाणी किंवा बाहेरची गार हवा असते, दाराच्या समोर मात्र निखारे असतात. दोघं सारखे वाढत नाहीत. शिवाय दाराची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त तापते, म्हणून ते विस्तवाकडं पोक काढतं. पातळ पत्रा असं शेकडो वेळा वाकला की पुन्हा सरळ होत नाही.

यावरचा इलाज ठोकण्यात नाही, कानशीत आहे. चौकटीला जिथं घासल्याची चकाकी दिसते, तेवढीच कड कानशीनं उतरवा. चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर मोकळीक असावी. दार पुरतं वाकलं असेल तर नवं करून घ्या, पण जाड पत्र्याचं. दाराच्या आतून बोटभर अंतर सोडून दुसरा पत्र्याचा तुकडा बोल्टनं लावून घ्या. विस्तवाची झळ तो तुकडा खातो, दार वाचतं. जाड बिडाचं दार मिळालं तर आणखी बरं, ते पत्र्यासारखं सहज वाकत नाही.

दार गार असतानाही जड आणि तापल्यावरही तेवढंच जड असेल, तरच बिजागरीकडं वळा. आणि दार उघडतं पण पुरतं मिटत नाही, असं असेल तर आधी उंबऱ्यावर साचलेली राख झाडा. यातच निम्म्या तक्रारी संपतात, असा माझा अनुभव आहे.

गैरसमज : बिजागरीत तेल सोडलं की झालं.

गोडं तेल, इंजिनचं जुनं ऑइल, ग्रीस, जे हाताशी असेल ते लोक सोडतात. दोन दिवस दार लोण्यासारखं चालतं. मग तेच तेल जळतं, त्याचं कोळशासारखं कीट होतं, त्यात राख मिसळते आणि बिजागरी आधीपेक्षा घट्ट बसते. तापणाऱ्या जागी कोरडं वंगण लागतं. ग्राफाइटची पूड त्यासाठीच असते, हार्डवेअरच्या दुकानात विचारा. आधी तारेच्या ब्रशनं बिजागरी साफ करा, मग चिमूटभर पूड. तापलेल्या बंबावर रॉकेल किंवा डिझेल शिंपडून दार सोडवायचा प्रकार मी पाहिलेला आहे. तो कुणीही करू नये. त्याची वाफ पेट घेते आणि दाराशी वाकलेल्या माणसाचा चेहरा तिच्या समोरच असतो.

गैरसमज : राख राहू द्यावी, ती ऊब धरते.

चुलीत निखारा झाकून ठेवायला राख चांगली, पण जाळीखालच्या कप्प्यात ती घातक आहे. राख जाळीला टेकली की खालून येणारी हवा तुटते. ती हवा विस्तव फुलवते तशी जाळीला गारही ठेवते. ती बंद झाली की जाळी लाल होऊन खाली झुकते. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या राखेत पोटॅशचं प्रमाण बरंच असतं, त्यामुळं ती बाभळीच्या राखेपेक्षा लवकर वितळून जाळीच्या फटीत खडे धरते.

पावसाळ्यात तर राखेचा खरा त्रास सुरू होतो. ती हवेतली ओल ओढून घेते आणि तिचं खारं पाणी पत्र्याला लागून राहतं. फेब्रुवारीत बंब बंद केला, राख तशीच ठेवली आणि दिवाळीनंतर पाहिलं, तर राखेची वडी झालेली आणि दार तळाशी गंजून चिकटलेलं. हे दुखणं हिवाळ्यातलं नसतं, चार महिन्यांच्या पावसात झालेलं असतं. हंगाम संपला की राख काढा, कप्पा कोरडा पुसा, दार किंचित उघडं ठेवा आणि धुराड्यावर डबा पालथा घाला.

गैरसमज : साखर कारखान्यात ओलं चिपाड जळतं, मग बंबात ओलं लाकूड का नाही?

हा प्रश्न मला अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारला होता, आणि तो रास्त आहे. अंकुशनगरच्या समर्थ कारखान्यासारख्या ठिकाणी बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे हेच चिपाड, जाळतात. गाळपातून निघालेल्या बगॅसच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. पण तिथं भट्टी प्रचंड मोठी आणि सतत तापलेली असते, आत हवा ढकलायला पंखे आणि धूर ओढायला वेगळे पंखे असतात. बंबाकडं फक्त त्याच्या धुराड्याची ओढ आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण 40 ते 50 टक्के पाणी असतं. त्यातलं एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सहाशेहून अधिक किलोकॅलरी लागतात. 15 लिटरची बादली थंडीतल्या पाण्यापासून अंघोळीजोगी करायला चारशेच्या आसपास पुरतात. म्हणजे पाच किलो ओलं लाकूड घातलं, तर तीन ते चार बादल्यांची उष्णता नुसती लाकूड वाळवण्यात गेली. वर तीच वाफ दाराला डांबर चिकटवते. दार अडकण्याची सुरुवात अनेकदा सरपणाच्या ढिगातच झालेली असते. बाभूळ किंवा मोसंबीची मोडलेली झाडं फोडून, एक उन्हाळा ऊन खाऊ देऊन मगच बंबात घालावीत. पऱ्हाट्या लवकर वाळतात, पण त्यांचा ढीग शेताच्या कडेला पुढच्या लागवडीपर्यंत ठेवू नका. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीच्या अळ्या सुप्तावस्थेत टिकतात.

गैरसमज : दार सताड उघडं ठेवलं की पाणी लवकर तापतं.

पेटवताना ठेवा. विस्तवानं पेट घेतला की बोट-दीड बोट फट पुरते. जास्तीची हवा नळीतून वर जाताना उष्णताही घेऊन जाते. धुराडं हात लावू नये इतकं तापलं आणि पाणी कोमटच असेल, तर दार कमी करा. तरीही पाणी उशिरा तापत असेल तर आत क्षार पाहा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर नळीवर बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. तिथं दाराचा काही दोष नाही.

दार काढून फेकून द्यायचं आणि फटीला वीट लावायची, ही युक्तीही बरीच चालते. विटेनं हवा मोजता येत नाही आणि निखारा बाहेर उडायला वाट मिळते. बंबाशेजारीच पऱ्हाट्यांचा ढीग असतो, हे विसरू नये.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा आहे : धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही.

दार बंद अडकलं, विस्तवाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस थंडीमुळं असं होतंय असं समजून दार लावून बसतो. बंब अंगणात आहे तोवर वारा तुम्हाला वाचवतो. थंडी वाढली म्हणून तो बंद न्हाणीघरात नेऊ नका, मग त्याचं दार कितीही गुळगुळीत चालत असो. आणि पाणी ओतायचं तोंड किंवा वाफेची वाट कधी घट्ट बुजवू नका. बंब उघडा आहे म्हणूनच तो बॉयलर नाही. त्याला बूच मारलंत, तर तपासणी नसलेला बॉयलर तुमच्या अंगणात उभा राहतो.

आज बंब पुरता गार झाला की एवढं करून पाहा. राख काढा, कडा ब्रशनं घासा, दार चौकटीला जिथं टेकतं तिथं वहीच्या कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी ती थोडी अडून पण न फाटता निघाली, तर दार नीट बसलंय. एका बाजूनं सुळकन निघाली आणि दुसरीकडं फाटली, तर दार वाकलंय. तिथं खडूची खूण करा आणि कानस घ्या.