अर्ध्या वाटेवरचं स्वागत

१४ मार्च २०१२ रोजी अमेरिकेतल्या डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर सुट्टीवर आलेल्या सैनिकांचं शेवटचं विमान उतरलं. युद्धभूमीवरची फौज घटत चालली होती, त्यामुळे यापुढची विमानं अटलांटालाच जाणार होती. जवळपास आठ वर्षं झेंडे घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या माणसांना दुसऱ्या दिवसापासून यायचं कारण उरलं नाही.

इराक आणि अफगाणिस्तानात वर्षभरासाठी गेलेल्या सैनिकांना मधेच पंधरा दिवस घरी पाठवायची योजना सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाली. व्हिएतनामच्या काळातही मधली सुट्टी मिळायची, पण ती बँकॉकला, हाँगकाँगला, नाहीतर सिडनीला. बायकोला भेटायचं तर होनोलुलू. आता थेट घर. मात्र सुरुवातीला सरकार अमेरिकेतल्या ठरावीक विमानतळापर्यंत आणून सोडायचं आणि पुढचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं! मेरीलँडचे खासदार डच रूपर्सबर्गर यांनी नेहमीच्या विमानप्रवाशांना हाक दिली: तुमच्या खात्यावर साठलेले मैल या पोरांना द्या. त्यातून ‘ऑपरेशन हीरो माइल्स’ उभं राहिलं. पुढे सरकारनंही तो खर्च उचलला.

डॅलसला २००४ पासून ‘वेलकम होम अ हीरो’ या नावानं स्वागत होऊ लागलं. धावपट्टीवरून विमान आत येताना अग्निशमन दलाच्या गाड्या दोन्ही बाजूंनी पाण्याची कमान धरत. आत शाळेची मुलं, चर्चमधली मंडळी, निवृत्त जोडपी. त्यांत व्हिएतनाममधून परतलेले लोकही असत. वर्षाची मुदत संपली की त्या काळी सैनिक एकेकटा घरी यायचा आणि विमानतळावर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला द्यायला ही माणसं भल्या सकाळी घरून निघत.

पण हे स्वागत पंधरा दिवसांपुरतं होतं. ज्याच्यासाठी आज टाळ्या वाजल्या, तो पंधरवड्यानं पाठीवर तीच पिशवी टाकून परत युद्धावर निघणार, हे टाळ्या वाजवणाऱ्यालाही ठाऊक असे.

मेन राज्यातल्या बँगोरमधल्या अशाच स्वागताची गोष्ट आणखी जुनी. गाव जेमतेम तीसेक हजार वस्तीचं. पण देशाच्या ईशान्य टोकाला, आणि धावपट्टी दोन मैलांहून लांब, कारण तिथं पूर्वी हवाई दलाचा तळ होता. अटलांटिक ओलांडून आलेली विमानं इंधनासाठी तिथं थांबतात. मार्च १९९१ मध्ये आखाती युद्धातून परतणारी विमानं उतरू लागली तसे गावकरी विमानतळावर जमले. २००३ मध्ये इराकचं युद्ध पेटल्यावर ते पुन्हा जमू लागले. विमान दुपारी येवो की रात्री दोनला, एकानं दुसऱ्याला फोन करायचा आणि बर्फ तुडवत गाड्या निघायच्या.

तिथला थांबा तास-दोन तासांचा. हस्तांदोलन, घरी केलेली बिस्किटं, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे फुकट वापरायला दिलेले मोबाइल. पायांखाली मायदेशाची जमीन आली, पण घर अजून शेकडो मैल दूर. अशा वेळी वाळूच्या रंगाच्या गणवेशातला एखादा पोरगा खांबाशी उभा राहून फोनवरून आईला उठवायचा.

या स्वागतकऱ्यांवर ॲरन गॉडेट यांनी ‘द वे वी गेट बाय’ हा माहितीपट केला. तो २००९ मध्ये आला तेव्हा स्वागत झालेल्या सैनिकांची मोजणी लाखांत गेली होती. त्यातल्या तिघा वृद्धांपैकी एक दिग्दर्शकाची स्वतःची आई. दुसऱ्यांच्या मुलांना मिठ्या मारणाऱ्या या बाईंची नातही सैन्यात. स्वागत करणारी माणसं किती एकटी आहेत, कर्ज आणि आजारपणानं कशी गांजली आहेत, हे चित्रपट लपवत नाही. विमानाची वाट बघणं हाच त्यांच्या दिवसाचा आधार होता. उपकाराची दिशा नेमकी कोणती, असा प्रश्न तो पाहताना पडतो.

काही सैनिक जाताना हात मिळवता मिळवता आपल्या तुकडीचं पदकासारखं नाणं स्वागतकऱ्याच्या तळहातावर अलगद सरकवत. अशी हजारो नाणी बँगोरच्या विमानतळावर काचेमागे मांडलेली आहेत.