मांडव हवा, पण डोक्यावर नको!

गॅरेजच्या शटरवर लाकडी मांडव आणि त्यावर मधुमालती... दिसायला एकदम झकास! पुण्यातल्या आमच्या रो-हाउसला असा मांडव करायचं ठरलं, तेव्हा घरात चर्चा रंगली ती फक्त पॉलिशच्या शेडवर. सुतारकाकांनी तर विषयच संपवला. ‘‘ताई, रॉलप्लग ठोकतो, जाड स्क्रू मारतो. हत्ती बसला तरी हलणार नाही!’’

हत्ती राहू दे, पण त्याच्याखाली रोज गाडी उभी असते आणि शेजारची पोरं क्रिकेट खेळतात. म्हणून एका स्ट्रक्चरल इंजिनीअर मैत्रिणीला गाठलं. ती म्हणाली, ‘‘अगं, असा मांडव नुसता खाली येत नाही. आधी तो भिंतीतून बाहेर उपटला जातो.’’

सगळा फंडा या एका वाक्यात आहे. हिशेब बघा. तीन मीटर लांब, ६० सेंटीमीटर पुढे आलेल्या सागवानी मांडवाचं लाकूडच साधारण ३५ किलो. पावसात भिजलेल्या वेलीचे ४० धरा. झाले ७५. हे वजन भिंतीपासून सरासरी ३० सेंटीमीटरवर लटकतं. ब्रॅकेटचा भिंतीलगतचा उभा पाय १५ सेंटीमीटरचा असेल, तर वरच्या बोल्टांवर मिळून १५० किलोंची ओढ येते. तोच पाय ४५ सेंटीमीटरचा केला, की ओढ उरते फक्त ५०! म्हणजे ब्रॅकेट नाजूक नको, उंच हवा. आणि त्याला खालून तिरका टेकू हवाच. वेल छाटायला चढलेला माळी कधीतरी मांडवाला लोंबकळणार, हेही गृहीत धरा.

दुसरा प्रश्न, बोल्ट नेमका कशात जातोय? ड्रिल मारताना पडणारी पूड बघा. लाल असेल तर वीट, करडी असेल तर प्लास्टर किंवा काँक्रीट. प्लास्टर संपल्यावरही पूड करडीच राहिली, तर तुम्ही बहुधा शटरवरच्या बीममध्ये आहात. अँकर फास्टनरसाठी हीच जागा बेस्ट. बोल्टची खोली मोजताना प्लास्टर धरायचं नाही, ते नुसता मेकअप आहे! विटेत फास्टनर फुगवला तर वीटच तडकू शकते. तिथे आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी प्लेट लावा. मात्र भोक पाडण्याआधी आतला शटरचा रोल कुठे आहे ते बघून घ्या. आणि छज्जा असेल तर त्याच्या कडेवर भार नकोच. तो बिचारा स्वतःच अधांतरी असतो.

दोन्ही बाजूंना जागा असेल तर सर्वात सेफ उपाय म्हणजे जमिनीपर्यंत दोन खांब. पुढचा भार थेट खाली उतरतो, भिंतीची ओढ जवळजवळ संपते. खांबाचा पाय मात्र मातीत पुरू नका, लोखंडी बुटावर उचलून ठेवा. नाहीतर वाळवीची पार्टी!

बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. लाकूड आणि भिंत यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. दर वर्षी मे महिन्यात नट आवळा, वेल हलकी करा. भिंतीशी केसाएवढी जरी नवी फट दिसली, तर गाडी बाहेर लावा आणि आधी इंजिनीअरला फोन करा. पॉलिशवाल्याला नंतर!