व्हिडिओ तुमच्याकडे चालतो, गिऱ्हाइकाकडे चालत नाही? दोष शोधण्याचा सरळ क्रम



समजा, तुमचा फराळाचा धंदा आहे. दिवाळीआधी चकली-लाडू कसे बनतात याचा दोन मिनिटांचा छान व्हिडिओ केला, वेबसाइटवर टाकला आणि जाहिरातीवर पाच हजार रुपये खर्च केले. लोक लिंक उघडतायत, पण ऑर्डर येत नाही. तुमच्या मोबाइलवर तर व्हिडिओ झकास चालतोय. मग अडतंय कुठे?

बऱ्याचदा अडतं इथेच. तुमच्या मोबाइलवर चालतोय म्हणजे सगळीकडे चालतोय, असं आपण धरून चालतो. पण गिऱ्हाइकाचा फोन वेगळा असतो, ब्राउझर वेगळा असतो, आणि त्याच्यासमोर नुसता काळा चौकोन येतो. ते गिऱ्हाईक फोन करून “तुमचा व्हिडिओ दिसत नाही हो” असं सांगत बसत नाही. गुपचूप दुसऱ्याकडे जातं. तुम्हाला वाटतं, माल आवडला नाही किंवा भाव जास्त झाला, आणि तुम्ही उगाच भाव कमी करून बसता.

म्हणून आज व्हिडिओ न चालण्याचं कारण कसं शोधायचं ते पाहू. त्यासाठी कॉम्प्युटर इंजिनिअर असायची गरज नाही. फक्त क्रम सोडायचा नाही.

आधी तीन बाजू समजून घ्या

‘एम्बेड’ करणं म्हणजे दुसरीकडे ठेवलेला व्हिडिओ आपल्या पानावर दाखवणं. त्यामुळे इथे तीन बाजू येतात:

१. व्हिडिओ स्वतः, म्हणजे त्याची फाइल आणि तो जिथे ठेवलाय ती जागा (यूट्यूब किंवा तुमचं होस्टिंग).
२. तुमचं पान, म्हणजे वेबसाइट आणि तिच्यात टाकलेला कोड.
३. गिऱ्हाइकाचा ब्राउझर: क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज, किंवा इन्स्टाग्रामच्या आत उघडणारी खिडकी.

दोष या तिघांपैकी एकात असतो. कुठल्या बाजूत आहे ते कळलं की अर्धं काम झालं. न शोधता कोड बदलत सुटलात, तर चालू असलेलंही बिघडतं.

गिऱ्हाइकाला “रिफ्रेश करा” सांगू नका, तीन प्रश्न विचारा

- फोन की कॉम्प्युटर? आयफोन की अँड्रॉइड?
- लिंक कशात उघडली? क्रोममध्ये, की इन्स्टाग्राम-फेसबुकमधूनच?
- नेमकं काय दिसतंय? स्क्रीनशॉट पाठवाल का?

स्क्रीनशॉट सगळ्यात महत्त्वाचा. “चालत नाही” यातून काहीच कळत नाही. काळा चौकोन, नुसता आवाज, फिरतं चक्र आणि इंग्रजीतली सूचना ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

मग तीन चाचण्या करा

चाचणी १: त्याच फोनवर व्हिडिओ थेट यूट्यूबवर उघडा. तिथेही चालत नसेल तर दोष व्हिडिओत किंवा इंटरनेटमध्ये. तिथे चालतोय पण तुमच्या पानावर नाही, तर पुढे चला.

चाचणी २: तेच पान त्याच मशिनवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. सगळ्या ब्राउझरमध्ये बंद असेल तर बहुतेक तुमच्या पानाचा दोष. एकाच ब्राउझरमध्ये बंद असेल तर त्या ब्राउझरचे नियम किंवा त्याची सेटिंग तपासायची.

चाचणी ३: त्याच ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा. क्रोममध्ये या खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. इथे चाललं, तर जाहिरात अडवणारं एखादं एक्स्टेन्शन किंवा साठलेला जुना डेटा आडवा येतोय असं समजा.

पाच मिनिटांचं काम आहे. आता लक्षणांप्रमाणे उपाय पाहू.

लक्षण १: चौकोनात “कनेक्ट होण्यास नकार” अशी सूचना

यूट्यूबच्या वरच्या पट्टीतली लिंक तशीच कोडमध्ये चिकटवली की हे होतं. ती लिंक यूट्यूबवर पाहण्यासाठी असते. दुसऱ्याच्या पानाच्या चौकटीत ती उघडायला यूट्यूब परवानगी देत नाही. शॉर्ट्सच्या लिंकचंही तेच. कॉम्प्युटरवर व्हिडिओ उघडा, ‘शेअर’ दाबा, ‘एम्बेड’ निवडा आणि तिथला पूर्ण कोड घ्या. वर्डप्रेस वापरत असाल तर कोडही नको. ‘यूट्यूब’चा ब्लॉक घ्या आणि त्यात साधी लिंक टाका. बाकीचं वर्डप्रेस स्वतः करतं.

लक्षण २: “व्हिडिओ अनअव्हेलेबल”

यूट्यूब स्टुडिओत जा, व्हिडिओ उघडा, खाली ‘शो मोअर’ दाबा. तिथे ‘अलाऊ एम्बेडिंग’वर टिक आहे का पाहा. मग व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ तर नाही ना, ते तपासा. प्रायव्हेट व्हिडिओ तुम्हाला दिसतो, कारण तुम्ही स्वतःच्या खात्यातून लॉगिन असता. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. यूट्यूबवर सगळ्यांना दाखवायचा नसेल, फक्त तुमच्या पानावर हवा असेल, तर ‘अनलिस्टेड’ ठेवा. वयाची मर्यादा लागलेला व्हिडिओही दुसऱ्या वेबसाइटवर चालत नाही.

लक्षण ३: “एरर १५३”

व्हिडिओ कुठल्या वेबसाइटवरून मागवला जातोय, ही माहिती यूट्यूबपर्यंत पोहोचली नाही की ही सूचना येते. वेबसाइटवरचं एखादं सुरक्षेचं प्लगइन ही माहिती लपवतं. यूट्यूबवरून नवा एम्बेड कोड घेऊन जुन्याच्या जागी टाका. तरी नाही सुटलं तर वेबसाइट करून देणाऱ्याला सांगा, “रेफरर पॉलिसी तपासा.” एवढे दोन शब्द त्याला पुरतात.

लक्षण ४: पान उघडलं की व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही

इथे बिघाड काहीच नाही, हा ब्राउझरचा नियम आहे. आवाजासकट आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना लोक वैतागले होते. म्हणून मॅकवरच्या सफारीने २०१७ मध्ये, क्रोमने २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये त्यांना आळा घातला. आता आपोआप सुरू करायचा असेल तर आवाज बंद ठेवून, म्हणजे ‘म्यूट’ करूनच करावा लागतो. आणि तरीही खात्री नाही. आयफोन लो पॉवर मोडवर असेल तर तोही थांबतो.

गंमत अशी की तुमच्याकडे तो सुरू होतो. एखाद्या वेबसाइटवर तुम्ही वारंवार व्हिडिओ पाहत असाल, तर कॉम्प्युटरवरचं क्रोम तिथे सूट देतं. स्वतःच्या वेबसाइटवर तुम्ही दिवसातून दहा वेळा जाता, गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच येतं. नवीन माणसाला काय दिसतं ते पाहायचं असेल तर नेहमीचा ब्राउझर सोडून दुसऱ्यात उघडा.

माझा सल्ला, आपोआप सुरू करण्याच्या मागे लागू नका. पहिलं चित्र, म्हणजे थंबनेल, असं ठेवा की माणसाचं बोट आपसूक प्लेवर जाईल. ज्याने स्वतः प्ले दाबलं, तो आवाजासकट ऐकतो.

लक्षण ५: आवाज येतो, चित्र काळं

हे दुखणं बहुतेक तेव्हा होतं, जेव्हा आपण मोबाइलमधली फाइल थेट वेबसाइटवर चढवतो.

व्हिडिओ फाइल म्हणजे डबा समजा. डब्यावर ‘एमपी४’ किंवा ‘एमओव्ही’ लिहिलेलं असतं. पण आत माल कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय, ते बाहेरून कळत नाही. त्या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. २०१७ पासून आयफोन ‘एचईव्हीसी’ नावाचं कोडेक वापरू लागले. त्यात फाइल लहान होते, जागा वाचते. सफारीत ती छान चालते. पण क्रोम आणि एजमध्ये चालेल की नाही, हे त्या त्या मशिनच्या हार्डवेअरवर ठरतं, आणि फायरफॉक्सने तर ही पद्धत बरीच वर्षं घेतलीच नव्हती. म्हणून एकच व्हिडिओ एका लॅपटॉपवर दिसतो आणि दुसऱ्यावर नुसता ऐकू येतो.

उपाय दोन:

- पुढच्या शूटिंगसाठी: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. काही अँड्रॉइड फोनमध्येही असा पर्याय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असतो.
- आधीच्या फाइलसाठी: ‘हँडब्रेक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या. डबा एमपी४, चित्र ‘एच.२६४’, आवाज ‘एएसी’. ही जोडी आजच्या सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये चालते. तिथेच ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर टिक करा. त्यामुळे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण फाइल उतरण्याआधीच व्हिडिओ सुरू होतो.

फाइलचं नाव बदलून एमओव्हीचं एमपी४ केलं म्हणजे झालं, असं समजू नका. डब्यावरची चिठ्ठी बदलली तरी आतला माल तोच राहतो.

लक्षण ६: फक्त आयफोनवर चालत नाही

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे आयफोनवर क्रोम उघडलं, तरी आतलं इंजिन ॲपलचं, म्हणजे सफारीचंच असतं. त्यामुळे “आयफोनवरच्या क्रोममध्येही चालत नाही” म्हणजे दोन ब्राउझरची चाचणी झाली असं होत नाही, एकाचीच झाली.

फाइल तुमच्या होस्टिंगवर असेल तर सफारी ती तुकड्या-तुकड्याने मागते. सर्व्हरला असे तुकडे देता आले नाहीत, तर व्हिडिओ सुरूच होत नाही. होस्टिंगवाल्याला विचारा, “बाइट रेंज रिक्वेस्ट चालू आहे का?” आणि प्ले दाबल्यावर व्हिडिओ आपोआप पूर्ण स्क्रीन व्यापत असेल, तर कोडमध्ये ‘प्लेज इनलाइन’ हा शब्द राहिलाय.

लक्षण ७: सारखा अडकतो

स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर मोठी फाइल ठेवली की हे होणारच. एकाच वेळी दहा-बारा जणांनी पाहिलं तरी सर्व्हरला दम लागतो. लहान धंद्यासाठी सरळ हिशोब आहे: व्हिडिओ यूट्यूबवर ठेवा आणि पानावर एम्बेड करा. यूट्यूब त्याच्या लहान-मोठ्या प्रती बनवतं आणि गिऱ्हाइकाच्या नेटप्रमाणे योग्य ती पाठवतं. वर सांगितलेली कोडेकची भानगडही तिथे मिटते.

थोडक्यात बाकीचं

- पत्त्यात कुलूप असलेलं, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ पान असेल आणि एम्बेडची लिंक जुन्या ‘एचटीटीपी’ची असेल, तर ब्राउझर ती अडवतो. लिंकमध्ये ‘एस’ घाला.
- व्हिडिओ मोबाइलवर उजवीकडे कापला जातो? यूट्यूबचा तयार कोड ५६० बाय ३१५ मापाचा असतो. रुंदी १०० टक्के आणि प्रमाण १६:९ करून घ्या.
- एकाच कॉम्प्युटरवर हिरवा किंवा काळा पडदा येतो? क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहा.
- वेबसाइट फार जुनी आहे आणि व्हिडिओ ‘फ्लॅश’मध्ये आहे? ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला संपवला. तो व्हिडिओ नव्यानेच टाकावा लागेल.
- दुरुस्ती केली तरी जुनंच दिसतंय? वेबसाइटचा कॅश रिकामा करा, मग तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं: ऑर्डर व्हिडिओच्या भरवशावर ठेवू नका

एवढं सगळं करूनही कुठल्यातरी जुन्या फोनवर, कमी रेंजच्या गावात, कुणाच्या तरी ऑफिसच्या बंदी घातलेल्या नेटवर तुमचा व्हिडिओ चालणार नाही. शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून पान असं बांधा की व्हिडिओ दिसला नाही तरी गिऱ्हाईक अडणार नाही:

- व्हिडिओखाली एक ओळ: “व्हिडिओ दिसत नसेल तर इथे पाहा”, आणि तिला यूट्यूबची लिंक.
- मालाचे दोन स्वच्छ फोटो.
- भाव, वजन, पोहोच किती दिवसांत मिळेल, हे अक्षरांत. फक्त व्हिडिओत बोलून सोडू नका.
- व्हॉट्सॲपवर ऑर्डर देण्याचं बटण व्हिडिओच्या बाहेर, ठळक.

व्हिडिओमुळे विश्वास वाढतो. पण विक्री होते ती भाव आणि बटण दिसल्यामुळे. ते दोन्ही व्हिडिओच्या आत कोंडलं, तर एका काळ्या चौकोनात दुकानच बंद होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

जाहिरातीवर पुढचा रुपया घालण्याआधी तुमचं पान पाच ठिकाणी उघडा: साधा अँड्रॉइड फोन, आयफोन, विंडोज लॅपटॉपवर एज, त्याच लॅपटॉपवर फायरफॉक्स, आणि इन्स्टाग्राममधून लिंक दाबून. सगळं घरात नसेल. शेजारी, भाचा, ओळखीचा दुकानदार, कुणाचाही फोन दोन मिनिटं मागा. स्वतः दाबू नका, त्यांना दाबू द्या आणि मागे उभं राहून बघा. वहीत पाच ओळी लिहा: कुठे चाललं, कुठे नाही, काय दिसलं.

जिथे “नाही” लिहिलंय तिथून वरचा क्रम सुरू करा. दुरुस्ती झाली की पाचही ठिकाणी पुन्हा तपासा, मगच जाहिरात चालू करा. फराळ ताटात वाढण्याआधी आपण एक चकली मोडून चाखतोच ना? मग पानही चाखून बघा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढू दे!