फडातली कळ

इंग्रजी अमदानीत खोदलेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या ललाटी ऊस लिहिला. आणि दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांचे गळीत सुरू झाले, म्हणजे तो ऊस तोडण्यासाठी बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या येथल्या मोकळ्या रानात उभ्या राहू लागतात. टोळीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाने दिलेली उचल त्या जोडीच्या नावे लिहिलेली असते आणि दोघांपैकी एकाचा जरी खाडा झाला, तरी त्याचा दंड त्याच नावावर चढतो. पहाटेच्या अंधारात फडात शिरलेली स्त्री दिवसभर कमरेत वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कळ उठली, तर तिला आडोसा उभ्या उसाचा, आणि फडके धुवायचे पाणीही लांबून आणायचे.

ही कळ उठते कशी, हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. गर्भ राहिला नाही, म्हणजे गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात. त्यांच्या प्रभावाने गर्भाशयाचा स्नायू आकुंचन पावतो, त्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तपुरवठा तोकडा पडल्याने तो ठणकू लागतो. मळमळ, जुलाब, कंबर भरून येणे हा सारा त्याच द्रव्यांचा प्रताप. ही साधी वेदना बहुधा कोवळ्या वयात सुरू होते, दोन-तीन दिवसांत ओसरते आणि वय वाढेल तशी पुष्कळींच्या बाबतीत सौम्य होत जाते. ‘बाईच्या जन्माला आलीस, सोस’ असा उपदेश करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की चरकसंहितेनेही वेदनायुक्त पाळीला उदावर्तिनी या नावाने व्याधींतच गणले आहे आणि तिची चिकित्सा सांगितली आहे.

इलाज स्वस्त आहे. गरम पाण्याची पिशवी, ती नसेल तर तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट, यांच्या शेकाने पुष्कळ आराम पडतो. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे उपर्युक्त द्रव्यांची निर्मितीच रोखतात. सबब गोळी घ्यायची ती कळ असह्य झाल्यावर नव्हे, तर तिची चाहूल लागताच, आणि तीही पोटात चार घास गेल्यावर. जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. आणि दिवसभर घाम गाळून पाणी मात्र बेताचे पिणारी तोडकरीण असेल, तर तिने आधी तांब्याभर पाणी प्यावे, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात याच गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. शौचाला जागा नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बाईला हे सांगताना सांगणाऱ्याचीच जीभ अडखळावी, हे मात्र खरे.

परंतु तिशीच्या पुढे नव्याने उद्भवलेली, महिन्यागणिक वाढणारी, अतिरक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांसह येणारी वेदना ही निराळी. तिच्या मुळाशी गाठी असतील, एन्डोमेट्रिओसिस असेल किंवा जंतुसंसर्ग असेल. त्यातला संसर्ग बहुधा औषधांनी बरा होतो. तपासणीवाचून हा भेद कळत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी घोर अनर्थ घडला. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यकच होती, असे कोणी म्हणणार नाही. तथापि पाळी गेली म्हणजे खाडाही गेला, हा हिशेब या आकड्यामागे उभा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर ऐन उमेदीत रजोनिवृत्ती येते आणि हाडे झिजू लागतात. कष्टावर पोट असणाऱ्या बाईला हा सौदा किती महाग पडतो, हे तिला पुढच्या काही हंगामांत कळते.

यानंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करण्यात आली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असे फर्माविले. बंदोबस्त योग्यच, पण तो शस्त्रक्रियेच्या दारात बसविलेला आहे, आणि कळ उठते ती हंगामात, घरापासून दूर, इकडच्या फडात. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु त्या दारापर्यंत जायचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून आणि खाडा अंगावर घेऊन जायचे. ज्या कारखान्यांना प्रत्येक टोळीचा आणि प्रत्येक मुकादमाचा पत्ता ठाऊक असतो, त्यांनी कोप्यांजवळ पाण्याची टाकी आणि संडास उभारावा, आठवड्यातून एकदा स्त्री डॉक्टर तळावर पाठवावी आणि पाळीचा एक दिवस खाड्यात धरू नये, अशी तजवीज करारातच लिहून घ्यावी. उचलीच्या रकमा इतक्या काटेकोरपणे लिहिणाऱ्या वहीत त्यासाठी एक रकाना सहज मावेल.